तारापूर व वसई प्रांतांतील ख्रिस्ती घरांची नित्योपासना

तारापूरचा किल्ला इ. स. १७३९ च्या जानेवारींत मराठ्यांनीं पोर्तुगीजांपासून घेतला व त्या हल्ल्यांत बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले, ही हकीकत मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस विदित आहे. चिमाजी अप्पांची साष्टी-वसईची मोहीम, तींतील मोर्चे, सुरुंग, एल्गार व तह यांविषयींचे कागद विपुल छापले गेले आहेत व त्यांवर लिहिलेंही पुष्कळ गेलें आहे. परंतु ह्या राज्यक्रांतीची एक बाजू उपेक्षित राहिली आहे. ज्या ख्रिस्ती रयतेच्या धर्माचें राजकीय छत्र त्या मोहिमेंत नाहींसें झालें, तिनें आपल्या देवाशीं असलेला संबंध पुढें कसा राखला, हा प्रश्न लढायांच्या वर्णनांत येत नाहीं. पाद्र्यांच्या वृत्तांतांतही तो इगर्जींच्या हिशेबांत बुडून जातो. प्रस्तुत लेखांत त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रश्नाचें स्वरूप

ख्रिस्ती शास्त्राप्रमाणें येशूशीं संलग्न राहणें हा उपासनेचा गाभा होय. योहानाच्या शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायांत येशूनें स्वतःस द्राक्षवेलाची व शिष्यांस फांद्यांची उपमा दिली आहे. वेलापासून तुटलेली फांदी सुकते, हें तिचें तात्पर्य. कॅथलिक पंथांत ही संलग्नता मुख्यतः सात संस्कारांच्या द्वारें राखली जाते, आणि त्यांपैकीं बहुतेकांस पाद्री अवश्य लागतो. मिस्सा त्याच्यावांचून होत नाहीं. पापनिवेदन त्याच्यापुढेंच करावें लागतें. आणि वर्षांतून निदान एकदां पापनिवेदन करून ईस्टरच्या सुमारास ख्रिस्तप्रसाद घ्यावा, असा नियम १२१५ च्या लॅटरन धर्मसभेपासून चालत आला आहे. जिवावरच्या प्रसंगीं बाप्तिस्मा मात्र कोणीही देऊं शकतो. म्हणजे पाद्री गेला व इगर्ज पडली कीं वेलाशीं असलेला उघड दुवा बहुतांशीं तुटला. मग पडक्या इगर्जींच्या ह्या मुलखांत फांदी हिरवी कशी राहिली? आणि सगळीकडे सारखीच हिरवी राहिली काय?

तारापूर

तारापूर हें खाडीच्या मुखावरील बंदर. पलीकडच्या तीरास चिंचणी. दमण १५५९ सालीं पोर्तुगीजांच्या हातीं आलें व तारापूरचें ठाणें त्याच्याच हुकमतींत गणलें जाऊं लागलें. आंतोनिउ बोकारु यानें १६३५ सालीं पूर्वेकडील पोर्तुगीज किल्ल्यांचें जें सचित्र वर्णन सिद्ध केलें, त्यांत तारापूरचाही समावेश आहे. येथें डोमिनिकन साधूंचा मठ होता. जपमाळेची भक्ति हें ह्या संप्रदायाचें विशेष अंग. तें आम्ही पुढें पाहूंच. १७३९ नंतर हें ठाणें मराठ्यांकडे राहिलें, आणि पुढें पेशवाईच्या अखेरच्या काळांत किल्ला विकाजी मेहेरजी ह्या प्रसिद्ध पारशी घराण्याकडे आला. मठाचें व इगर्जीचें वैभव संपलें. तारापुरावर जें गुदरलें तेंच चार महिन्यांनीं वसईवर गुदरलें. मे महिन्यांत वसई पडली व पोर्तुगीज शिबंदी, सरदार आणि धर्मसंघांचे साधु निघून गेले.

ह्या मुलखांतील इगर्जींच्या घंटा महाराष्ट्राच्या देवळांत कशा पोंचल्या, हें आमच्या वाचकांपैकीं अनेकांनीं स्वतः पाहिलें असेल. नाशिकास नारोशंकराच्या देवळांतील घंटा, मेणवलीची घंटा व भीमाशंकरची घंटा ह्या त्याच विजयाच्या खुणा समजल्या जातात. शिलालेख व नाणीं जमविणारांस ह्या घंटांवरील सालांचें महत्त्व. आम्हांस येथें त्यांच्या मूळ कामाचें महत्त्व वाटतें. पहांटे, दोन प्रहरीं व दिवेलागणीस इगर्जीची घंटा वाजे, आणि ती ऐकून शेतांतला शेतकरी व होडीवरचा कोळी हातांतलें काम थांबवून येशूच्या अवताराचें स्मरण करी. घंटा गेली म्हणजे नुसतें कांसें गेलें नाहीं. दिवसाचे तीन प्रहर देवाच्या नांवें बांधणारी दोरीच गेली.

मराठ्यांच्या अमलांतील स्थिति

येथें एक गैरसमज दूर केला पाहिजे. मराठ्यांनीं ख्रिस्ती धर्म बंद केला, असें कांहीं जुन्या लेखकांच्या लिहिण्यावरून वाटतें. वस्तुस्थिति तशी नव्हती. वसईच्या तहांत राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेस आपला धर्म पाळण्याची मोकळीक होती. यूरोपीय साधूंच्या जागीं गोव्याकडील एतद्देशीय पाद्री येऊं लागले. अवेस्ताच्या संशोधनासाठीं हिंदुस्थानांत आलेला फ्रेंच पंडित आंकतिल द्युपेराँ हा १७६० सालीं साष्टींत फिरला. पडलेल्या इगर्जी त्यानें पाहिल्या. परंतु ठाण्यास एतद्देशीय पाद्र्यांच्या हातून चाललेला उत्सव व त्यास लोटलेला मोठा ख्रिस्ती समुदायही पाहिला, आणि हें सर्व मराठ्यांच्या राज्यांत उघडपणें चालतें याचें त्यास नवल वाटलें. ही साक्ष महत्त्वाची आहे. कारण ती ना पेशव्यांच्या दप्तरची, ना पोर्तुगीज मठांतली. राज्य जाऊन एकवीस वर्षें झालीं होतीं. त्या उत्सवांतील तरुणांनीं पोर्तुगीज अंमल पाहिलाही नसेल. तरी समुदाय जमला.

तथापि मोकळीक असणें व साधन असणें ह्या दोन भिन्न गोष्टी होत. पूर्वीं ज्या मुलखांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन असे चार संघ वावरत होते, तेथें आतां मोजके पाद्री राहिले. उत्सवाच्या दिवशीं पाद्री मिळे. रोजच्या संध्याकाळीं मिळत नसे. वर्षाचे जे दिवस पाद्र्यावांचून जात, त्यांतच धर्म टिकला किंवा सुटला. म्हणून घराकडे वळणें भाग आहे.

घरांतील साधनें

पहिलें साधन जपमाळ. इगर्जींत धर्मगुरु व मठवासी हे दाविदाचीं दीडशें स्तोत्रें म्हणत. ज्यांस वाचतां येत नसे त्यांनीं त्या जागीं दीडशें वेळां मरियेचें नमन म्हणावें, अशी तिची मूळ कल्पना. हे जप दहा दहांच्या पंधरा भागांत विभागलेले, आणि प्रत्येक दशकास येशूच्या चरित्रांतील एक प्रसंग मनांत धरावयाचा: जन्मापासून यातनांपर्यंत व यातनांपासून पुनरुत्थानापर्यंत. (२००२ सालीं पोप जॉन पॉल दुसरे यांनीं आणखी पांच प्रसंग सुचविले, तत्पूर्वीं पंधराच होते.) हा प्रकार हिंदु जपमाळेशीं बाह्यतः सारखा दिसला तरी त्यांत नामाबरोबर कथाही फिरते, हें ध्यानांत ठेवावें. ज्या घरांत एकही पुस्तक नाहीं, त्या घरांतही येशूचें सर्व चरित्र ह्या मण्यांवर साठविलेलें असे, आणि तें रोज उलगडलें जाई. त्यास ना पाद्री लागे, ना इगर्ज, ना मुलखाच्या धन्याची परवानगी. तारापूरच्या डोमिनिकन मठाचे दगड ढांसळले. परंतु त्या संप्रदायानें जगभर पसरलेलें हें साधन वसईच्या घरांत टिकून राहिलें.

दुसरें साधन क्रूस. वसई, साष्टी व मुंबईच्या जुन्या ख्रिस्ती आळ्यांत नाक्यावर किंवा अंगणांत दगडी अथवा लांकडी क्रूस उभे दिसतात. वांद्र्यास सेंट अँड्रूज इगर्जीच्या आवारांत सुमारें १७ फूट उंचीचा एकसंध दगडाचा क्रूस आहे. त्यावर येशूच्या यातनांचीं चिन्हें कोरलेलीं आहेत. असा क्रूस म्हणजे निरक्षरांचा ग्रंथच होय. खिळे, हातोडा, शिडी व कोंबडा यांकडे बोट दाखवून आजीनें नातवास शेवटच्या रात्रीची कथा सांगावी, यापलीकडे दुसऱ्या शाळेची गरज नसे. क्रुसापुढें सायंकाळीं शेजारीपाजारी जमून लदीन म्हणजे संतनामावळीची प्रार्थना गात. इगर्ज पडल्यावर आळीचें देवस्थान हेंच झालें, आणि तेथें प्रार्थना चालविणारा पुष्कळदां पाद्री नसून आळींतलाच कोणी जाणता गृहस्थ असे.

तिसरें साधन वार व ऋतु. शुक्रवार यातनांच्या स्मरणाचा म्हणून मांस वर्ज्य. राखेच्या बुधवारापासून चाळीस दिवसांचा उपवासकाळ. झावळ्यांच्या रविवारीं आशीर्वाद दिलेली झावळी घरांत जपून ठेवावयाची व पुढील वर्षीं तिचीच राख कपाळास लावावयाची. सुगीस नवीं कणसें देवापुढें नेण्याचा साष्टी-मुंबईकडील आगेरा हा सण ह्याच मालिकेंतील होय. भात पिकविणाऱ्या कुणब्याच्या वर्षास येशूच्या चरित्राचें वर्ष असें जोडलें गेलें कीं एक विसरल्यावांचून दुसरें विसरणें अशक्य व्हावें.

पुराण

चौथें साधन आमच्या वाचकांच्या विशेष आस्थेचें, तें म्हणजे पुराण. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आला व १६१९ सालीं तेथेंच वारला. त्याचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें रोमन अक्षरांत छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ सालीं त्याच्या आणखी दोन आवृत्त्या निघाल्या. सुमारें अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ मराठी वाङ्मयाच्या इतिहासांत सुप्रसिद्ध आहे. त्याच्या आरंभींच ग्रंथाचें कारण सांगितलें आहे: नव्यानें ख्रिस्ती झालेल्या लोकांनीं गुरूस विनविलें कीं आमचीं जुनीं पुराणें सुटलीं, त्यांच्या जागीं मन रमेल व श्रद्धा दृढ होईल असें कांहीं आम्हांस द्यावें. ही विनंती लेखकाची योजना म्हणून सोडून देणें सोपें आहे. परंतु तींत एक खरी निकड दिसते. प्रश्नोत्तरांनीं धर्माचे सिद्धान्त पाठ होतील. पण सिद्धान्तांशीं कोणी दिवसभर बोलत नाहीं. ज्याच्याशीं संगत धरावयाची त्याची कथा आपल्या बोलींत, आपल्या चालींत ऐकावी लागते.

उत्तर कोंकणासंबंधानें मात्र दुसऱ्या एका ग्रंथाकडे अधिक लक्ष दिलें पाहिजे. फ्रान्सिस्कु वाझ द गिमारांइश याचें येशूच्या यातना व मृत्यु यांवरील पुराण १६५९ सालीं लिस्बन येथें छापलें गेलें. त्याची भाषा स्टीफन्सच्या भाषेहून निराळी असून तींत उत्तर कोंकणच्या ख्रिस्ती लोकांच्या बोलीची छटा आहे. काव्य ह्या दृष्टीनें त्यास स्टीफन्सच्या पंक्तीस कोणी बसविणार नाहीं. परंतु हा ग्रंथ एकोणिसाव्या शतकांत मुंबईस पुन्हा छापला गेला, ही गोष्ट टीकाकारांच्या मतापेक्षां अधिक बोलकी आहे. जवळ जवळ दोनशें वर्षांनीं, पोर्तुगीज राज्य जाऊन शतक लोटल्यावर, ज्या ग्रंथास गिऱ्हाईक असतें तो ग्रंथ कपाटांत नसून मुखांत असला पाहिजे.

हें सर्व १६८४ च्या हुकुमाशीं ताडून पाहावें. त्या सालीं गोव्याच्या व्हाइसरॉयनें, कोंड द आल्वर यानें, एतद्देशीयांनीं तीन वर्षांच्या आंत आपली भाषा टाकून पोर्तुगीज बोलावी असें फर्माविलें. १७३६ सालीं गोव्याच्या इन्क्विझिशननें लग्नकार्यांतील गाणीं, फुलें, पानसुपारी अशा घरगुती रीतींवरही बंदी घातली. येशूच्या भक्तीस मराठी-कोंकणी बोलीची बाधा होते, अशी त्या सत्ताधाऱ्यांची समजूत. इतिहासानें ती खोटी ठरविली. व्हाइसरॉयची पोर्तुगीज उत्तर कोंकणांत तीनच वर्षांनीं परागंदा झाली: १७३७ ते १७३९. जी प्रार्थना कुपारी, वाडवळ व कोळी यांच्या घरच्या बोलींत मुरली होती ती मात्र परागंदा झाली नाहीं.

छापील व हस्तलिखित

ख्रिस्तपुराणाच्या इतिहासांत एक गोष्ट अशी आहे कीं ती संग्राहकांनीं मनांत बाळगावी. सतराव्या शतकांतील तिन्ही आवृत्त्यांपैकीं एकीचीही प्रत आज ज्ञात नाहीं. जो ग्रंथ तीन वेळां छापला गेला तो छापील रूपानें नष्ट झाला आणि हातांनीं उतरलेल्या प्रतींच्या रूपानें जगला. जोसेफ सालढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळुरास जी आवृत्ति प्रसिद्ध केली ती अशा हस्तलिखितांच्याच आधारें. लंडन येथील मार्सडेन संग्रहांतील देवनागरी प्रतीकडे जस्टिन ॲबट यांनीं १९२० नंतरच्या दशकांत विद्वानांचें लक्ष वेधलें. संपूर्ण देवनागरी आवृत्ति पुण्यास शांताराम बंडेलू यांनीं १९५६ सालीं काढली. टिपूच्या कैदेंत, १७८४ ते १७९९ ह्या काळांत, कानडा प्रांतांतील ख्रिस्ती लोकांस ह्याच पुराणाचा आधार होता, अशी त्या बाजूची परंपरा सांगते.

ह्यांत जें घडलें तें उत्तर कोंकणच्या इतिहासाचेंच प्रतिबिंब होय. छापखाना ही संस्था. तिला राज्य, पैसा व परवाना लागतो. ती बंद पडली कीं तिचें काम संपलें. हातानें प्रत उतरून घेणाऱ्यास मात्र गरज लागते. आपल्या घरीं उपवासकाळांत वाचावयास पुराण हवें म्हणून ज्यानें रात्रीं बसून हजारों ओव्या उतरल्या, त्यानें ग्रंथरक्षण करण्याचा संकल्प केलेला नव्हता. त्याला येशूची कथा घरांत हवी होती. ग्रंथ त्या हवेपणावर जगला.

तारापूर व वसई यांतील भेद

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. एकाच मोहिमेंत तारापूर व वसई हीं दोन्ही ठाणीं गेलीं. पण वसईच्या भोंवतीं जुना ख्रिस्ती समाज दाट राहिला, आणि वैतरणेच्या उत्तरेस, तारापूर-डहाणूकडे, तो विरळ झाला. ह्याचें कारण मराठ्यांच्या वर्तनांत शोधण्याचें प्रयोजन नाहीं. राज्यकर्ते दोहोंकडे तेच होते. आमच्या मतें कारण असें. तारापूरची ख्रिस्ती वस्ती मुख्यतः किल्ल्याच्या, मठाच्या व जमीनदार पोर्तुगीजांच्या आश्रयानें होती. आश्रय गेला तशी ती पांगली. वसईस बागाईत करणारे, भात पेरणारे व मासे धरणारे लोक स्वतःच ख्रिस्ती झालेले होते. त्यांचें घर, शेत, आळी व भाषा हीं त्यांचींच होतीं. तारापुरास उपासना किल्ल्यांत राहत होती, वसईस ती घरांत शिरली होती. म्हणून एकीकडे किल्ल्याबरोबर ती पडली, आणि दुसरीकडे किल्ला पडून घर उभें राहिलें.

ह्यावर एक आक्षेप येईल. पोर्तुगीजांनीं देवळें पाडलीं, लोकांवर जुलूम केले, १५६० पासून गोव्यांत इन्क्विझिशन चालविलें. अशा रीतीनें लादलेल्या धर्माच्या भक्तीचें कौतुक कसलें? जुलमाची गोष्ट खरी आहे व ती झांकण्याचें कारण नाहीं. परंतु जुलमानें आलेली वस्तु व स्वेच्छेनें राखलेली वस्तु यांचा निवाडा करावयाचा तर जुलूम संपल्यानंतरचा काळ पाहावा लागतो. १७३९ हें उत्तर कोंकणांत त्या कसोटीचें साल होय. त्यानंतर ख्रिस्ती राहण्यांत राजाची मर्जी नव्हती, मानपान नव्हता, वतनाची आशा नव्हती. कांहीं कुटुंबें पूर्वधर्मांत परतलीं असतील, तर त्यांसही कोणी दोष देऊं नये. जीं राहिलीं तीं आतां दंडाच्या भयानें राहिलीं असें म्हणतां येत नाहीं. आजोबांनीं ज्या कारणानें बाप्तिस्मा घेतला त्याच कारणानें नातवानें जपमाळ धरली असें नव्हे. नातवाची जपमाळ त्याची स्वतःची होती.

संग्राहकांस विनंती

पालघर जिल्हा २०१४ सालीं निराळा झाला, आणि तारापूर हें आज १९९८ सालीं स्थापन झालेल्या वसई धर्मप्रांतांत मोडतें. तारापूर-बोईसरच्या बाजूस १९६९ सालीं अणुवीजकेंद्र सुरू झालें. त्या व पुढील कारखान्यांच्या निमित्तानें अनेक प्रांतांतून आलेल्या ख्रिस्ती कुटुंबांचा इतिहास स्वतंत्र आहे व तो किल्ल्याच्या इतिहासाशीं जोडूं नये. वसईकडे दुसऱ्या व्हॅटिकन धर्मसभेनंतर (१९६२-६५) मिस्साही मराठींत होऊं लागली. घरानें जें तीनशें वर्षें चालविलें तें इगर्जीनें शेवटीं मान्य केलें, असें ह्याचें वर्णन करतां येईल. पण ह्यामुळेंच जुन्या घरगुती साधनांची गरज कमी झाली, आणि गरज संपली कीं प्रती संपतात.

म्हणून संग्राहकांस आमची विनंती अशी. वसई, साष्टी व मुंबईच्या ख्रिस्ती घरांत जुनी वही हातीं आल्यास ती रोमन अक्षरांत आहे एवढ्यावरून पोर्तुगीज समजून बाजूस ठेवूं नये. दोन ओळी मोठ्यानें वाचून पाहाव्या, कानास मराठी लागेल. पुराण, प्रार्थना, लदीन व यातनांचीं गाणीं यांच्या तुटक पानांसही पूर्ण ग्रंथाइतकेंच मोल द्यावें. पानावर मेणाचे डाग, बोटांनीं झिजलेले कोपरे किंवा समासांत जन्ममृत्यूच्या नोंदी असतील तर त्या दोष नसून वापराचा पुरावा होत. प्रत स्वच्छ करण्याच्या भरांत त्या पुसूं नयेत. कोणतें पान अधिक मळलें आहे हें टिपावें. त्यावरून घराचें मन कोठें रमत होतें तें कळेल. आणि घरांत वडील माणूस हयात असेल तर प्रत मागण्यापूर्वीं चाल ऐकून घ्यावी. कारण कागद मागाहून मिळूं शकेल, चाल मिळणार नाहीं.

तारापूरच्या तटाचे दगड सरकारी दप्तरांत मोजले गेले आहेत व घंटांवरील सालें वाचलीं गेलीं आहेत. ज्या दुव्यावर एक समाज राज्यावांचून व पुष्कळ काळ पुरेशा पाद्र्यांवांचूनही आपल्या येशूशीं बांधलेला राहिला, त्याचीं साधनें अजून घरोघर विखुरलेलीं आहेत. तीं एकत्र करणें हें संशोधनाचें काम शिल्लक आहे.